रिकाम्या टबातली नाडी

‘मानवी देह आढळला. पुरवठा बंद.’

हे वाक्य त्या हिवाळ्यात मी इतक्यांदा ऐकलं, की ते बोलणाऱ्या बाईचा आवाज मला झोपेतही ओळखू आला असता. गोड, थंड, सरकारी आवाज. टबात पाणी भरलेलं, पण आत कोणी नाही. टॉवेल खांद्यावर टाकून, काठीला टेकून मी बाहेर उभी. अविनाश, म्हणजे माझा नवरा, दिवाणखान्यात. घरात तिसरं माणूस नाही. आणि भिंतीवरची पांढरी पेटी मला सांगत होती, की विजेच्या वाटेत कोणाचा तरी देह आहे.

"कोणाचा गं बाई?" मी एकदा तिलाच विचारलं. ती काय सांगणार.

मला आमवात आहे. गुडघे, मनगटं, बोटं, सगळीकडे मुक्कामाला आलेला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: रोज सकाळी छातीपर्यंत गरम पाण्यात बसायचं, त्यातच सांधे हलवायचे. या थंडीत सांधे हलते ठेवलेत तर चालाल, आखडून बसले तर चाकाची खुर्ची. अशा उपचाराचा तलाव कोल्हापूरला. कराडहून तिथे जाऊन परत येईपर्यंत सैल झालेलं सगळं गाडीतच पुन्हा आखडायचं. म्हणून मागच्या पडवीत हा टब बसवला. माणूस बुडेल एवढा खोल, आतून पाण्याचे फवारे, पाणी तापवायला स्वतःचा हीटर. बसवल्यापासून मी त्यात एकदाही धड बसले नव्हते. पाणी कोमट व्हायला लागलं, की खट्. मानवी देह आढळला.

आता ही पेटी काय आहे ते सांगायला हवं. वीज घरात एका तारेनं येते आणि दुसऱ्या तारेनं परत जाते. जेवढी आली तेवढीच परत जायला हवी. कमी परत गेली, तर मधेच कुठून तरी ती जमिनीकडे पळाली, ओल्या भिंतीतून किंवा माणसातून. आपल्या लहानपणच्या ईएलसीबीला, म्हणजे बोर्डावरच्या जुन्या सुरक्षा-खटक्याला, एवढंच कळायचं, की हिशेब जुळत नाही. भिंतीतून पळाली की माणसातून, हे त्याला कळायचं नाही. पावसाळ्यात भिंत ओलावली तरी तो उडायचा. मग लोक वैतागायचे, वायरमनला म्हणायचे, "काढून टाक रे ते, डायरेक्ट कर." आणि मग एखाद्या घरी गीझरखाली माणूस जायचं.

नव्या पेटीचं डोकं वेगळं आहे. छातीच्या प्रत्येक ठोक्याला अंगातलं रक्त इकडून तिकडे सरकतं, आणि रक्तातून वीज सहज वाहते. त्यामुळे माणसाच्या अंगातून वीज जात असेल तर ती ठोक्याठोक्याला किंचित कमी-जास्त होते. म्हणजे पळालेल्या विजेत त्या माणसाची नाडी उमटते. दवाखान्यातली काही यंत्रं याच तत्त्वावर हृदयाचं काम मोजत आलीच होती. कोणीतरी हाच कान सुरक्षा-पेटीला बसवला. भिंतीला नाडी नसते. नाडी ऐकू आली, की पेटी डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते. नियमही झाला, की माणूस बसेल एवढ्या विजेच्या टबाला नाडीरक्षक हवाच. लोकांनी त्याचं नाव ठेवलं वैद्यबुवा.

आमचे वैद्यबुवा रिकाम्या टबाची नाडी बघत होते.

कंपनीचा इरफान तांबोळी तीनदा येऊन गेला. सभ्य मुलगा. त्यानं हीटर तपासला, पंप तपासला, पेटीच बदलून दुसरी लावली. दुसरीही तेच बोलली.

"टबात काही दोष नाही मॅडम," तो म्हणाला. "अशा प्रत्येक यंत्रातून चिमूटभर वीज बाहेर झिरपतेच. ती अर्थिंगच्या तारेनं मुकाट जमिनीत जाते, कोणाला कळतही नाही. आणि नाडीही खरी आहे. हे बघा." त्यानं फोनवर रेघ दाखवली. टेकडी, टेकडी, टेकडी, मग एक सपाट जागा, मग एक मोठी टेकडी. "मधेच एक ठोका गाळते. यंत्राची चूक असती तर अशी नसती आली."

"भूत आहे म्हणायचं का मग?" मी विचारलं. हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. बोटं इतकी दुखत होती, की सकाळी चहाचा कप मला दोन्ही हातांनी धरावा लागला होता.

"तुमचं अर्थिंग नीट आहे ना साहेब?"

अविनाशला राग आला. "अण्णांनी स्वतः उभं राहून करून घेतलंय. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी. तू टब बसवलास तेव्हा दिवा लावून बघितलास की."

ते खरं होतं. चाचणीचा दिवा लागला होता, जरा मंद. पण लागला होता.

इरफान गेल्यावर अविनाशनं आपलं निदान सांगितलं. "वीज जाते आणि परत येत नाही. म्हणजे कोणीतरी घेतंय. कोण घेतंय ते मी सांगतो. दादा."

इथे आमच्या घराबद्दल थोडं सांगते. बंगला माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी बांधला. ते गेल्यावर दोघा भावांनी तो उभा कापला. डावीकडे सदानंद भाऊजी आणि शालनवहिनी, उजवीकडे आम्ही. मागच्या अंगणात भिंत घालायची ठरली, तेव्हा ती कुठून जायची यावरून दोघे सख्खे भाऊ मोजपट्टी घेऊन महिनाभर भांडले. वीतभर जागा कोणी सोडेना. शेवटी दोरी धरून बरोबर मधोमध भिंत उभी केली, आणि तिला दार ठेवलं नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद. भावांचं बंद म्हणून जावांचंही बंद. वहिनींशी बोलावंसं मला हजारदा वाटलं. पण ज्या घरात नांदायचं तिथल्या भांडणात आपला पाट मांडलेलाच असतो.

"दादानं आपल्या लाइनवर आकडा टाकलाय," अविनाश म्हणाला, आणि खरं सांगते, त्याचा चेहरा खुलला होता. इतक्या वर्षांनी त्याला धडधडीत पुरावा मिळाला होता.

"भाऊजी हेडमास्तर होते, अविनाश. ते आकडा टाकतील?"

"तू त्याला ओळखत नाहीस."

दोन्ही घरी धुण्याला कलाबाई येते. तेवढाच एक जिवंत माणूस भिंतीच्या दोन्ही बाजूंना जायचा. त्याच आठवड्यात ती माझ्या मोरीवर बसून म्हणाली, "पलीकडच्या वैनी म्हंत्यात, आमचा नळ चावतोय. सायेब म्हंत्यात, वय झालं, मुंग्या येत्यात हाताला."

"साखर वाढली असेल त्यांची," मी म्हणाले. माझ्या डोक्यात माझे गुडघे होते. दुखणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं दुखणं ऐकू येत नाही, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

पुढच्या शुक्रवारी मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझा गुडघा वाकवून पाहिला आणि चिठ्ठीवर चाकाच्या खुर्चीच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला. घरी येऊन मी अविनाशसमोर रडले. "मला तो टब हवाय. कसाही करून दे."

त्यानं बाबर वायरमनला बोलावलं. हे बाबर म्हणजे गावातलं शेवटचं औषध. पेटी काढली तर मीटर अख्खं घर बंद करतो, म्हणून बाबरनी पेटी काढलीच नाही. आतला खटका जिथे पडतो तिथे प्लास्टिकचा एक तुकडा अडकवला, आणि त्या गोड बाईचा आवाज बंद केला.

"ऐकू दे की त्याला काय ऐकायचं ते," बाबर म्हणाले. "फक्त जीभ बांधलीय. आता खटका पडायचा न्हाई."

मी नको म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टबातून वाफ निघत होती. अविनाशनं मला हात धरून आत बसवलं, फवारे सुरू केले, आणि विजय मिळवल्यासारखा दिवाणखान्यात मॅच बघायला गेला.

मला ते सुख सांगता येणार नाही. पाणी छातीपर्यंत आलं आणि महिनोन्‌महिने आवळून धरलेलं अंग एकेक बोट करत सुटायला लागलं. मी मनगट फिरवलं. फिरलं. गुडघा हळूच वर घेतला. आला. मला रडू आलं, आणि या वेळी ते रडणं बरं वाटलं.

समोर भिंतीवर वैद्यबुवांचा छोटा पडदा उजळलेला होता. त्यावर हिरवी रेघ चालू होती. टेकडी, टेकडी, टेकडी. आज बरोबर, मी मनात म्हटलं. आज टबात देह आहे खरा. ही माझीच नाडी. गंमत म्हणून मी आपल्या मनगटावर बोटं ठेवली आणि रेघेशी ताल जुळवू लागले.

ताल जुळेना.

माझी नाडी रमतगमत चालली होती. पडद्यावरची धावत होती. आणि मधेच एक सपाट जागा, मग मोठी टेकडी. पुन्हा सपाट जागा.

हा ठोका मी ऐकलेला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला, तेव्हा शालनवहिनी मला मांडीवर टेकवून पेज भरवायच्या. माझा कान त्यांच्या छातीशी असायचा. टक, टक, टक, आणि मधेच काहीच नाही. मी घाबरून विचारलं होतं, तर हसून म्हणाल्या होत्या, "माझ्या काळजाला अधूनमधून आळस येतो गं. एखादी पायरी गाळतं, पण देवळात पोचतं."

नळ चावतोय.

भिंतीपलीकडे नळ चालू होता. आमची पडवी आणि त्यांची मोरी पाठीला पाठ लावून आहेत. बादली भरून वाहत असल्याचा आवाज येत होता. कोणी नळ बंद करत नव्हतं, बादली सरकवत नव्हतं.

टब बसवला तेव्हा इरफाननं सगळं समजावलं होतं. चिमूटभर वीज लागली तर चटका बसतो, माणूस हात झटकतो. त्याहून थोडी जास्त लागली, की हाताचे स्नायूच आवळतात. मूठ मिटते. सोडायचं असतं, पण हात सोडत नाही, तोंडातून आवाजही फुटत नाही. आजवर वैद्यबुवा चटक्याच्या क्षणीच वीज तोडत आले होते. आज त्यांची जीभ आम्ही बांधली होती, आणि हीटर पहिल्यांदाच इतका वेळ पूर्ण जोरात चालला होता. रेघेखालचा, पळालेल्या विजेचा आकडा वर चढत होता.

"वहिनी!" मी ओरडले. "वहिनी, नळ सोडा!"

नळ वाहत राहिला.

"अविनाश! बटण बंद कर!"

दिवाणखान्यात कोणाची तरी विकेट पडली होती. त्या कोलाहलात माझी हाक कुठे पोचणार.

टबाचं मुख्य बटण दारापाशी आहे. पाण्यात बसलेल्या माणसाचा हात पोचता कामा नये, म्हणून ते मुद्दाम लांब बसवायचं, असा नियम आहे. नियम बरोबरच आहे. त्या क्षणी मी त्या नियमाला मनसोक्त शिव्या दिल्या. कठड्यावर पोट टेकवलं, एक पाय बाहेर टाकला, दुसरा येईना. मग पायाचा विचारच सोडला आणि अंग खाली लोटून दिलं. गुडघ्यावर पडले. एक किंकाळी ऐकू आली, ती माझीच असावी. ओला हात बटणाला लावायचा नाही, एवढं भान राहिलं. काठी टबाला टेकून ठेवलेली होती. तिचं कोरडं टोक पुढे करून, लोळत लोळत, मी त्या बटणावर ढोसलं. पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदा बसलं.

फवारे थांबले. पडद्यावरची रेघ सपाट झाली.

वीज गेली म्हणून सपाट झाली, की पलीकडे दाखवायला ठोकाच उरला नाही म्हणून? वैद्यबुवांना दोन्ही सारखंच दिसतं. ओल्या फरशीवर पडल्या पडल्या मी त्या रेघेकडे बघत राहिले. एवढं शहाणं यंत्र, आणि नेमकं जे विचारायचं तेच त्याला सांगता येईना.

मग पलीकडे बादली कलंडली. कोणीतरी धप्पकन बसल्याचा आवाज आला. आणि बऱ्याच वेळानं, विहिरीतून यावा तसा एक आवाज.

"कोण ओरडतंय? उत्तरा, तू का गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मला फक्त "हो" म्हणता आलं.

तेवढ्यात अविनाश दारात आला. "अगं, टब का बंद केलास? काय झालं?"

मी त्याला काय झालं ते सांगितलं. फार चांगल्या शब्दांत सांगितलं नाही. त्यानं पडद्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. भिंतीला दार नव्हतं, म्हणून तो अनवाणी पुढच्या फाटकातून रस्त्यावर, आणि रस्त्यावरून दादाच्या फाटकात धावत गेला. परत आला तेव्हा वहिनींना भाऊजींच्या गाडीत बसवून, दवाखान्यात पोचवून आला होता. तळहातावर भाजल्याची खूण आणि दोन दिवस देखरेख, एवढ्यावर निभावलं.

अपघाताची वर्दी वैद्यबुवांनी आपणहून वीज खात्याला दिली होती. जीभ बांधल्याचीही दिली. अधिकारी आले, टबाला सील ठोकलं. दोन्ही घरांचं अर्थिंग दोन्ही मालकांनी एकत्र हजर राहून तपासून घेतल्याशिवाय सील निघणार नाही, असं बजावून गेले. एकत्र हजर राहून. मला त्या गुडघेदुखीतही हसू आलं.

इरफाननं यंत्र फिरवून जागा शोधली. अण्णांचा अर्थिंगचा खड्डा. तो मी कशी विसरले? अण्णा असताना उन्हाळ्यात आम्ही दोघी जावा त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतायचो. मीठ-कोळसा ओला राहिला तरच वीज जमिनीत शिरते, म्हणून अण्णांचा तो दंडकच होता. "अण्णांच्या खड्ड्याला पाजून येते," असं वहिनी म्हणायच्या. तो खड्डा नेमका अंगणाच्या मधोमध होता. दोघांनी वीतभरही सरकायचं नाकारलं, आणि भिंत त्याच्या बोडक्यावर उभी राहिली.

"फोडायला लागेल," इरफान म्हणाला. "कोणत्या बाजूनं फोडू?"

"त्याच्या," भाऊजी म्हणाले.

"दादाच्या," अविनाश म्हणाला.

मग सुरू झालं. कोणाच्या बाजूचा गिलावा नवा, कोणाच्या बाजूला फरशी. मरता मरता वाचलेली बाई हाताला पट्टी बांधून खुर्चीत बसलेली. माझा गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. आणि हे दोन साठीचे बाप्ये विटांवरून भांडतायत. मला इतका संताप आला, की काठी उगारावीशी वाटली.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आरपार फोडा हो. खड्डा दोघांचा आहे."

आरपार फोडलं. खाली मीठ-कोळशाची सुकून दगड झालेली ढेप निघाली. भिंतीचा पाया खणताना गवंड्याच्या कुदळीनं मुख्य तार तोडली होती. आमच्या घराची तार आणि त्यांच्या घराची तार मात्र एकमेकींना पीळ घालून तशाच होत्या, हिरव्या पडलेल्या. दोन्ही घरं एकमेकांना जोडलेली राहिली होती, जमिनीशी तुटली होती. माझ्या टबातून झिरपलेली वीज त्या पिळातून वहिनींच्या जुन्या लोखंडी पाइपात जायची. ओलीतून जेमतेम जमिनीत उतरायची, म्हणून चाचणीचा दिवा मंद लागला होता. आणि सकाळी मी टब तापवायचे त्याच वेळी ओल्या मोरीत अनवाणी उभी असलेली बाई नळाला हात लावायची, तेव्हा जमिनीकडे जायला विजेला आणखी एक वाट मिळायची.

अविनाशनं वाकून त्या पिळावरची माती पुसली. भाऊजींना उद्देशून, पण त्यांच्याकडे न बघता, तो म्हणाला, "मला वाटलं तू आकडा टाकलायस."

"आणि मी हिला म्हणालो, तुझं वय झालं," भाऊजी म्हणाले.

एवढंच बोलले. नंतर मिठ्या वगैरे मारल्या नाहीत. आमच्याकडे ती पद्धत नाही.

आता दोन्ही घरांना वेगवेगळे खड्डे आहेत. माझा डावा गुडघा त्या पडण्यानं कायमचा गेला, बाकीचे सांधे टबानं राखलेत. वैद्यबुवांचा पडदा रोज कोरा असतो. वहिनी अजूनही नळ उघडताना आधी हाताला पदर गुंडाळतात. कितीही सांगितलं तरी हात थबकतोच.

भिंतीतलं भगदाड मात्र तसंच आहे. ते बुजवायच्या विटा कोणाच्या बाजूनं लावायच्या, यावर दोघा भावांचं अजून एकमत झालेलं नाही. रोज सकाळी वहिनी त्यातून वाकून येतात, टबाच्या कठड्यावर बसतात, आणि माझी बोटं पाण्यात एकेक करून सोडवून देतात. परवा अविनाश म्हणाला, दादाशी एकदा बसून ते भगदाडाचं मिटवून टाकतो.

मी म्हटलं, खबरदार.